दिल्लीकडे मागायचं, गल्लीला नाकारायचं

1956 साली संसदेत आलेल्या राज्य पुनर्रचना विधेयकात तेव्हाच्या मुंबई राज्याचे तीन भाग केले होते: विदर्भ-मराठवाड्यासह महाराष्ट्र, सौराष्ट्र-कच्छसह गुजरात आणि थेट केंद्राच्या ताब्यात जाणारं मुंबई शहर. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला देणाऱ्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ते मुंबई विधिमंडळाकडे मत मागवण्यासाठी आलं. तिथे चर्चा झाली, मतं दिल्लीला गेली. पुढे ऑगस्टमध्ये विधेयक मंजूर होताना योजनाच बदलली आणि तीनऐवजी एकच विशाल द्विभाषिक राज्य करायचं ठरलं. या नव्या योजनेवर मुंबई विधिमंडळाला कुणीही विचारलं नाही.

बाबूलाल पराते यांनी याला न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या योजनेवर मत घेतलं ती एक आणि अमलात आणली ती भलतीच. 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. राज्याचं मत मागवणं आवश्यक आहे, पण ते मानण्याचं बंधन संसदेवर नाही. आणि संसदेने विधेयकात बदल केला म्हणून ते पुन्हा राज्याकडे पाठवण्याचीही गरज नाही, असा तो निकाल. संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट आपण हुतात्मा चौकापासून, अत्र्यांच्या सभांपासून, चिंतामणराव देशमुखांच्या राजीनाम्यापासून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण भारतात एखाद्या राज्याच्या अस्तित्वाला कायद्याच्या लेखी किती वजन आहे, हे ज्या खटल्यात ठरलं तोही आपल्याच राज्याचा होता, याची आठवण फारशी निघत नाही.

केंद्राने राज्यांचे अधिकार आणि पैसा आक्रसत नेला, ही तक्रार खरी आहे आणि पुराव्यानिशी मांडता येते. मात्र ती करणारं राज्य आपल्याच महापालिका आणि जिल्हा परिषदांशी अगदी तसंच वागत असेल, तर ती तक्रार मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयापुरती उरते. लोकांनी तिच्यामागे का उभं राहावं, याला उत्तर राहत नाही. महाराष्ट्राची आज नेमकी ही अवस्था आहे.

अमेरिकेचं संघराज्य झालं तेव्हा तेरा राज्यं आधीपासून होती. प्रत्येकाचं सरकार होतं, कर होते, कायदे होते. 1787 साली फिलाडेल्फियाला त्यांतल्या बारा राज्यांच्या प्रतिनिधींनी बसून घासाघीस केली. डेलावेअर, न्यू जर्सीसारख्या छोट्या राज्यांनी हट्ट धरला, म्हणून सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा मिळाल्या. आज कॅलिफोर्नियात चार कोटींच्या आसपास लोक राहतात आणि वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत, तरी सिनेटर दोघांचेही दोनच. हा समान वाटा कोणत्याही राज्याच्या संमतीशिवाय काढून घेता येत नाही, असं त्यांच्या घटनेतच लिहिलेलं आहे. राज्य तोडून नवं राज्य करायचं तरी त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते.

आपल्याकडे उलट घडलं. इंग्रजांचे प्रांत आणि साडेपाचशेच्या वर संस्थानं यांतून देश जोडला गेला आणि राज्यांची आखणी नंतर दिल्लीत झाली. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात हे आडपडदा न ठेवता मांडलं होतं: भारताचं संघराज्य घटकांमधल्या करारातून जन्मलेलं नाही, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा हक्कही नाही. फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं, हैदराबादमधली कारवाई होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या काळात मजबूत केंद्र मागणाऱ्यांना आज बसल्या जागी नावं ठेवणं मला पटत नाही. त्यांनी देश टिकवला.

आणि त्या तिसऱ्या कलमाचे उपकारही विसरता येत नाहीत. राज्यांच्या सीमा साध्या बहुमताने बदलता आल्या म्हणूनच पोट्टी श्रीरामुलूंच्या मृत्यूनंतर वर्षभरात आंध्र झाला, 1956 साली भाषावार राज्यं झाली आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रही झाला. प्रत्येक वेळी मूळ राज्याची संमती सक्तीची असती, तर मोठ्या राज्यातल्या अल्पसंख्य प्रदेशाला कधीच दाद मिळाली नसती. विदर्भवाद्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईतल्या बहुमताने हो म्हटल्याशिवाय नागपूरचा प्रश्न संसदेत येऊच नये, अशी तरतूद न्याय्य ठरेल असं मला वाटत नाही.

पण संमतीची सक्ती नसणं वेगळं आणि मताला काडीचीही किंमत नसणं वेगळं. जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळण्याचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केलं. तेलंगणाची मागणी रास्त होती, माझा तिला पाठिंबाच होता, तरी पद्धत खटकली. 2019 साली मात्र रेषा ओलांडली गेली. जम्मू-काश्मीरची विधानसभा आधीच बरखास्त होती, राष्ट्रपती राजवट होती, आणि राज्याने द्यायचं मत त्याच्या वतीने संसदेनेच दिलं. एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लडाख वेगळा काढण्याचा निर्णय उचलून धरला. पण आख्ख्या राज्याला केंद्रशासित करता येतं का, हा प्रश्न राज्याचा दर्जा परत देण्याच्या केंद्राच्या आश्वासनावर भिस्त ठेवून अनुत्तरितच सोडला. मुंबई केंद्रशासित होऊ नये म्हणून ज्या राज्यात माणसं गोळ्या खाऊन मेली, त्या राज्याला तरी हा प्रश्न परका वाटायला नको होता. आपल्याकडे त्यावर चर्चा झाली ती फक्त काश्मीर म्हणून. कलमाचा विचार कुणी केला नाही.

मधला रस्ता आहे. निवडून आलेली विधानसभा जिवंत असल्याशिवाय राज्याची फाळणी किंवा दर्जाबदल करायचा नाही. योजना मुळातून बदलली तर ती पुन्हा राज्याकडे पाठवायची. आणि विधानसभेचा विरोध असेल तर संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागायचं. एवढ्याने नवी राज्यं होणं थांबणार नाही. राज्याला विचारल्याचं नाटक तेवढं थांबेल.

स्वित्झर्लंडमधलं म्युतिए हे सात-साडेसात हजार वस्तीचं गाव इथे आठवतं. फ्रेंच बोलणारं, पण जर्मनबहुल बर्न परगण्यात अडकलेलं. शेजारचा झ्युरा परगणा 1979 साली बर्नमधून वेगळा झाला, तोही आधी गावोगाव मतदान घेऊन. म्युतिएने 2017 साली झ्युरात जायचा कौल दिला, तो गैरप्रकारांमुळे रद्द झाला. 2021 मध्ये पुन्हा मतदान झालं आणि 1 जानेवारी 2026 पासून ते गाव झ्युरात गेलं. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाने हे वाचून काय म्हणावं? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रं महाराष्ट्र कितीतरी दशकं मांडतोय. आंध्र आणि मद्रासच्या वादात ती वापरली गेली ती ह. वि. पाटसकर या मराठी माणसाच्याच हातून. सीमावादाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथल्या लोकांना मत विचारणारी यंत्रणाच आपल्या रचनेत नाही, हे या वादाच्या चिघळण्याचं मोठं कारण आहे.

राज्यांचा आवाज दिल्लीत पोहोचावा म्हणून राज्यसभा आहे म्हणतात. तिथे जागा लोकसंख्येप्रमाणे: उत्तर प्रदेशच्या 31, महाराष्ट्राच्या 19, गोव्याची एक. ते एक वेळ चालेल. पण 2003 साली कायदा बदलला आणि सदस्य त्या राज्याचा मतदार असण्याची अटही गेली. तेव्हापासून राज्यसभा ही पक्षश्रेष्ठींनी सोय लावायची जागा झाली आणि त्यात सगळे पक्ष सामील आहेत. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण आणि वनं राज्यांच्या सूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकली. आणीबाणी गेली, ते विषय परत आले नाहीत. आज वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेवरून राज्यं ओरडतात, त्याचं मूळ तिथे आहे. राज्यपालांबद्दल राष्ट्रपती राजवटीवरच्या बोम्मई खटल्यापासून इतकं लिहून झालं आहे की त्यात मी भर घालत नाही.

खरी सत्ता पैशात असते आणि पैसा कसा वळवला जातो हे एक लिटर पेट्रोल घेऊन बघावं. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पाच रुपयांनी कमी केल्यानंतर लिटरमागे केंद्राचा कर 27 रुपये 90 पैसे उरला. त्यात मूळ उत्पादन शुल्क 1 रुपया 40 पैसे. बाकी 11 रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, 13 रुपये रस्ते व पायाभूत सुविधांसाठीचं शुल्क, अडीच रुपये कृषी उपकर. केंद्र-राज्य करवाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगाने राज्यांना दिलेला 41 टक्के वाटा लागू होता तो फक्त त्या 1 रुपया 40 पैशांना. म्हणजे जवळपास 28 रुपयांतून सगळ्या राज्यांना मिळून सुमारे 57 पैसे. तेव्हा महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के होता, म्हणजे साडेतीन पैशांच्या आसपास. राज्य आपला व्हॅट वेगळा लावतं हे मान्य, आणि रस्त्यांसाठी गोळा झालेला पैसा अखेर कुठल्या तरी राज्यातल्याच रस्त्यावर खर्च होतो हेही मान्य. पण कोणता रस्ता, कधी आणि किती, हे दिल्ली ठरवते.

यात बेकायदा काहीच नाही. 2000 सालच्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने केंद्राचे सगळे कर वाटणीयोग्य केले, पण उपकर आणि अधिभार वगळले. त्या फटीचं पुढे भगदाड झालं. 2011-12 साली केंद्राच्या एकूण करउत्पन्नात उपकर-अधिभाराचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता, तो 2020-21 पर्यंत पाचव्या हिश्श्यावर गेला. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्क्यांवर नेला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! वाटा मोठा झाला आणि ज्याची वाटणी करायची ते लहान होत गेलं.

इथे आपल्याकडच्या एका लोकप्रिय युक्तिवादाशी मी सहमत नाही. महाराष्ट्र इतका कर भरतो आणि परत इतकंच मिळतं, असा हिशेब दर निवडणुकीत निघतो. मुंबईत भरला जाणारा प्राप्तिकर आणि कंपनी कर हा देशभर धंदा करणाऱ्या कंपन्यांचा असतो. कार्यालय नरिमन पॉइंटला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात आहे म्हणून ती सगळी कमाई महाराष्ट्राची ठरत नाही. शिवाय जो भरेल त्यालाच परत मिळेल, हा न्याय लावला तर मुंबई उद्या तोच हिशेब मराठवाडा आणि विदर्भापुढे मांडेल. बिहारच्या शाळेला महाराष्ट्रातून गेलेला पैसा लागला तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. तो ठरलेल्या सूत्राने, सर्वांसमोर जावा एवढंच. उपकरावर आक्षेप आहे तो यासाठी, की तिथे सूत्रच नाही.

वस्तू आणि सेवा कराने राज्यांची उरलेली मुभाही आटली. तरी त्या कराचे निर्णय घेणाऱ्या जीएसटी परिषदेबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. तिथे मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राचं, दोन तृतीयांश राज्यांचं आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात; म्हणजे केंद्र एकटं कोणताही निर्णय अडवू शकतं आणि राज्यांना तेच करायला एकजूट लागते. पण महाराष्ट्र आणि सिक्कीम यांचं वजन सारखं आहे आणि अर्थमंत्री समोरासमोर बसून भांडतात. घासाघीस करणारी एवढी जिवंत जागा आपल्या संघराज्यात दुसरी नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नसल्याचंही सांगितलं.

कांद्याला तर तेवढीही जागा नाही. शेती राज्याचा विषय, बाजार समित्या राज्याचा विषय; पण ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती दिल्लीतून निघालेल्या अधिसूचनांनी. ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. परदेशी व्यापार केंद्राकडे असणं मला मान्य आहे. प्रत्येक राज्याने आपलं निर्यात धोरण आखणं परवडणारं नाही. पण ज्या जिल्ह्याचं आख्खं वर्ष त्या निर्णयावर ठरतं, त्याच्या राज्याला आधी विचारायची बैठक तरी असावी. 263 व्या कलमाखाली अशी आंतरराज्य परिषद 1990 साली स्थापन झाली. तिच्या आजवर अकरा बैठका झाल्या. शेवटची जुलै 2016 मध्ये.

आता मुंबईकडे, म्हणजे मंत्रालयाकडे वळू.

जुलै 2017 मध्ये जकात बंद झाली. मुंबई महापालिकेचा तो स्वतःचा, हुकमी कर होता. बदल्यात राज्य सरकारने भरपाईचा कायदा केला, दरवर्षी आठ टक्के वाढ धरली, आणि पहिला सुमारे 647 कोटींचा धनादेश महापौरांच्या हाती समारंभाने दिला गेला. तो प्रसंग अनेकांना आनंदाचा वाटला. मला त्यात वेगळंच दिसलं. कालपर्यंत जी संस्था स्वतः कर बसवून स्वतः वसूल करत होती, ती आज मंत्र्याच्या हातून धनादेश घेत होती. केंद्र भरपाई थकवतं म्हणून राज्याने पुढे जो आक्रोश केला, त्याच जागी राज्याने आपल्या महापालिकांना आधीच नेऊन ठेवलं होतं.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय आले, नगर नियोजनापासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंत. मुंबईत यांतला नियोजनाचा विषय महापालिकेखेरीज कुणाकुणाकडे आहे? एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ: सगळ्या राज्याच्या संस्था. महापालिकेचा आयुक्त 1888 च्या कायद्याप्रमाणे राज्य नेमतं, खरे कार्यकारी अधिकार त्याच्याकडे आणि महापौराकडे मान. राज्यपाल दिल्लीने नेमला म्हणून आपण चिडतो. राज्यपालाला निदान बहुतेक बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं.

आणि मग प्रशासक राजवट. महापालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं घटना सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ते बजावलंही. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली इथल्या मुदती 2020 साली संपल्या. मुंबईची आणि पुण्याची मार्च 2022 मध्ये. मतदान झालं ते जानेवारी 2026 मध्ये. करोना, ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, अशी कारणं होती आणि त्यांतली काही खरी होती. पण एका सरकारने मुंबईचे प्रभाग 227 चे 236 केले, पुढच्याने ते पुन्हा 227 वर आणले; घाई दोघांनाही नव्हती. मुंबई महापालिकेचे 2023, 2024 आणि 2025 असे तीन अर्थसंकल्प सभागृहाविना झाले. आयुक्तच प्रशासक, म्हणजे मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. यांतला शेवटचा 74 हजार कोटींच्या वर होता, गोवा राज्याच्या अर्थसंकल्पापेक्षा कितीतरी मोठा. एखाद्या राज्यात जवळपास चार वर्षं राष्ट्रपती राजवट ठेवून राज्यपालाने तीन अर्थसंकल्प स्वतःच मंजूर केले असते, तर देश पेटला असता. मुंबईत नागरिकांना गटार तुंबल्यावर कुणाकडे जायचं ते कळेनासं झालं, एवढीच बातमी झाली.

हे आपल्या स्वभावातच आहे असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण या राज्याची सुरुवात अशी नव्हती. महाराष्ट्र जन्मला आणि वर्षभरात वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे, ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे गेले आणि जिल्हाधिकारी बाजूला राहिला. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारला दिल्लीशी झगडून मिळालेलं राज्य स्वतःच्या मुठीत ठेवण्याचा मोह झाला नसेल असं नाही. तरी त्यांनी सत्ता खाली दिली, आणि महाराष्ट्रात जे ग्रामीण नेतृत्व उभं राहिलं ते तिथून. नंतरच्या सरकारांनी ती एकेक करून वर खेचली. आज जिल्हा नियोजन समितीत पाच भागांतले चार भाग सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यायचे असतात, पण समितीच्या खुर्चीत पालकमंत्री बसतो आणि निधीचा शब्द त्याचाच चालतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची विकास मंडळं एप्रिल 2020 मध्ये मुदत संपून गेली, तेव्हाही फारशी खळखळ झाली नाही.

उपकरांना कमाल मर्यादा घालायला आणि तिसरं कलम सुधारायला संसद लागेल, दोन्हीकडे राज्यांची एकजूट लागेल, वर्षं जातील. महाराष्ट्राने ती मागणी लावून धरावीच. पण राज्याच्या जीएसटीचा ठरावीक टक्का महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना सूत्राप्रमाणे थेट द्यायचा, आयुक्ताची नेमणूक सभागृहाच्या मंजुरीने करायची, प्रभागरचनेचं काम सरकारच्या हातून पूर्ण काढून राज्य निवडणूक आयोगाकडे द्यायचं, सहा महिन्यांपलीकडे प्रशासक ठेवता येणार नाही असं कायद्यात लिहायचं, यांतल्या एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही. 1888 चा मुंबईचा कायदा, 1949 चा महापालिकांचा कायदा आणि 1961 चा जिल्हा परिषदांचा कायदा, तिन्ही बदलायला विधानभवनात साधं बहुमत पुरतं, आणि ते आजच्या सरकारकडे आहे.